एका हाकेत ओ

४ तारीख, मंगळवार

आज सकाळी वॉर्डात आले आणि खिडकीजवळची खाट मिळाली. देवाची कृपा. उजेड भरपूर, वारा बेताचा, चादर कडक इस्त्रीची. उशाशी लहानसं कपाट आहे, त्यात कपडे, पंचा, कंगवा आणि देवाची तसबीर नीट मांडली. हिशेबाच्या वहीची मागची पानं कोरी होती. ती वाया का घालवायची, म्हणून त्यांतच लिहायला बसले. तोंड बंद राहणार, तर हाताला तरी काम हवं.

पडले कशी ते एकदा लिहून टाकते, कारण जो येतो तो विचारतो आणि सांगताना जबडा ठणकतो. वरच्या फळीवरचे डबे पुसायला स्टुलावर चढले होते. एकाच खेपेत सगळं आवरावं म्हणून हात जरा जास्तच लांबवला. स्टूल कलंडलं आणि माझी हनुवटी ओट्याच्या कडेवर आपटली. रक्त फार नाही आलं. पण उठून बसले तर दातावर दात बसेना. तोंड माझंच, पण आत कुणा दुसऱ्याची कवळी घातल्यासारखं वाटत होतं. खालचा ओठ बधिर. आमच्याकडच्या डॉक्टरांनी डोक्यावरून फडका बांधून इथं धाडलं.

इथले जबड्याचे डॉक्टर तरुण आहेत आणि बोलके आहेत. त्यांनी एक्स-रेचा फोटो उजेडासमोर धरून मला समजावलं. हनुवटीला मधोमध तडा गेलाय, आणि तोच मार हाडातून वर चढून दोन्ही कानांपुढचे सांधेही मोडलेत. जबडा म्हणजे घोड्याचा नाल, म्हणाले, एका ठिकाणी मार दिसला की दुसरीकडं शोधायचाच. मॅट्रिकला शास्त्रात मला बरे गुण होते, त्यामुळं सगळं समजलं. उद्या हनुवटीत धातूची पट्टी बसवणार आणि वरचे-खालचे दात तारेनं एकमेकांना बांधून टाकणार. तीनेक आठवडे तोंड बंद. ह्यांनी विचारलं, पूर्ण बंद? डॉक्टर म्हणाले, पूर्ण. आणि आठवडाभर वाढवून मागणारे नवरे मी पुष्कळ पाहिलेत, पण तेवढी सवलत मी कुणाला देत नाही. सगळा वॉर्ड हसला. म्हणजे हसायला बघत होता, कारण निम्म्या बायकांची तोंडं बांधलेली.

घर इथून बसनं अर्ध्या दिवसावर. तिकडं काही बिघडलं तर तार कापणारं कुणी नाही, म्हणून तार निघेपर्यंत इथंच राहायचं. शेजारच्या काकू घरी दोन्ही वेळचा डबा देणार आहेत. सासूबाईंच्या गोळ्या, दुधाचं भांडं, देवापुढचा दिवा, सगळं ह्यांना दोनदोनदा सांगून ठेवलं. ठकीला, माझ्या आठ वर्षांच्या लेकीला, जवळ घेऊन म्हटलं, आजीनं हाक मारली की एका हाकेत ओ द्यायची. हे वळण मी तिला बोलायला लागल्यापासून लावलंय. दुसरी हाक मारावी लागलेली मला खपत नाही. शेजारीपाजारी सगळे तिचं कौतुक करतात.

६ तारीख, गुरुवार

काल पार पडलं. भूल उतरली तेव्हा घसा कोरडा आणि तोंडात तारांचं कुंपण. वरच्या हिरडीला लागून एक पट्टी, खालच्या हिरडीला एक, आणि दोन्हींमधून तारा पिळून घट्ट केलेल्या. जिभेला बाहेरचं जग दिसत नाही. बिचारी आतल्या आत फिरून दात चाचपते.

मोठ्या सिस्टरनी सगळे नियम समजावले. खाणं म्हणजे गाळलेलं दूध, सूप आणि फळांचा रस. शेवटच्या दाढेमागं जी फट असते तिथून नळी सरकवून हळूहळू ओढायचं. दर खाण्यानंतर मिठाच्या पाण्यानं तारा धुवायच्या. आणि खाटेच्या दांडीला लाल दोरीनं एक तार कापायची कात्री बांधून ठेवलीय. उलटी होतेय असं वाटलं तर कुणाची वाट बघायची नाही, कटकट चार तारा कापायच्या, नाहीतर जीव गुदमरेल. सिस्टर म्हणाल्या, या वॉर्डात देवाच्या खालोखाल या कात्रीचा मान. मी मान डोलावली आणि मनातल्या मनात देवाची क्षमा मागितली.

बोलायला पाटी आणि पेन्सिल दिलीय. बाकीच्या बायका दात आवळूनही पुटपुटतात. समोरची शिंपीण तर मिटल्या तोंडानं अख्खं भांडण करते. नवऱ्यानं मारलं म्हणून जबडा मोडला, पण तो भेटायला आला की त्याची अशी काही हजेरी घेते की शब्द कळले नाहीत तरी सगळा वॉर्ड तृप्त होतो. मीही जरा हूं करून पाहिलं. आलं नाही. पुन्हा पाहिलं. घशातून नुसतं वारं गेलं. सिस्टर म्हणाल्या, भुलीच्या नळीनं घसा सुजलाय, येईल.

नाम मात्र ओठांवाचून घेता येतं, हे पहिल्यांदाच कळलं. आत फार स्वच्छ वाटलं.

८ तारीख, शनिवार

शेजारच्या खाटेवर शाळेतल्या बाई आहेत. माझ्याआधी आल्या आहेत. शाळेच्या अंगणात मुलीला झोक्यासमोरून ओढून घेताना झोक्याची फळी त्यांच्या हनुवटीला खालून लागली. अक्षर मोत्यासारखं. त्यांचाही आवाज माझ्यासारखाच गेलाय. पाट्यांवरून आमच्या छान गप्पा चालतात. मी त्यांना दूध न सांडता ओढायची युक्ती दाखवली, त्यांनी मला पाटी ओल्या कापसानं पुसायची. भुकटी कमी उडते.

दुपारी सगळ्या निजल्या होत्या तेव्हा त्यांनी मला खूण केली आणि पाटी पुढं धरली. लिहिलं होतं, तुमच्या घरी लहान मूल आहे का? मी लिहिलं, एक मुलगी, गुणी आहे. त्या बराच वेळ माझं अक्षर बघत बसल्या. मग काहीतरी लिहिलं, पण मला दाखवायच्या आधी स्वतःच पुसून टाकलं.

१० तारीख, सोमवार

हे आणि ठकी आले होते. ठकीची वेणी चांगली सरळ घातलेली, कपडे धुतलेले. मला वाटलं होतं घराचा उकिरडा झाला असेल. हे म्हणाले, अगं, काही अडत नाही. ठकी वेळेवर उठते, आई गोळ्या वेळेवर घेते, दूध उतू जात नाही. मी पाटीवर लिहिलं, उठवतं कोण?

ठकी म्हणाली, तूच की! स्वयंपाकघरातून हाक मारतेस.

मी ह्यांच्याकडं पाहिलं. हे हसले. म्हणाले, कानांना सवय झालीय गं. परवा दमून आलो, सवयीनं म्हटलं चहा टाक, तर टाकते म्हणून ऐकूही आलं! मग चहा काही मिळाला नाही तेव्हा डोक्यात उजेड पडला. सासूबाईंना तर मोतीबिंदूमुळं माणसं आवाजावरूनच कळतात. त्यांनी म्हणे ह्यांनाच खडसावलं की सून घरात असताना रोज काकूंचा डबा कशाला घेतोस, लोक काय म्हणतील. वर असंही म्हणाल्या की अलीकडं ही उलट बोलत नाही, गुणाची झालीय.

सगळे हसले. मीही नाकानं हसले.

ते गेल्यावर पडल्या पडल्या विचार आला. घरातल्या कुणाला माझं तोंड बघायचं कामच पडत नाही. मी ओट्याशी, पाठ दाराकडं. तिथून सांगायचं, बाहेर ते घडायचं. उठ म्हटलं की उठायची, वाढलंय म्हटलं की येऊन बसायचे. फरशी पुसली की मी ओरडून सांगते, ओलं आहे, आत पाऊल टाकू नका, आणि वाळेपर्यंत कुणी फिरकत नाही.

विचारलंच नाही ह्यांना, स्वयंपाकघरात जाऊन पाहिलंत का.

११ तारीख, मंगळवार

बाईंना सगळं लिहून सांगितलं, गंमत म्हणून. त्यांना गंमत वाटली नाही.

त्यांनी पाटी भरभरून लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. गेल्या आठवड्यात मुख्याध्यापिका भेटायला आल्या होत्या, तुमच्या वर्गाचा काही त्रास नाही म्हणून कौतुक करत. मुलं आपापली बसून पाढे म्हणतात. कोण म्हणवून घेतं विचारलं तर म्हणतात, बाई दाराआड उभ्या आहेत. मुलं सांगितलं तसं करतात. एक मुलगा अभ्यास केला नाही म्हणून दिवसभर अंगठे धरून उभा होता, पडेपर्यंत. बाईंनी लिहिलं, मी आयुष्यात कुणाला अंगठे धरायला लावले नाहीत. मनात मात्र पुष्कळदा आलं होतं.

मग शेवटचं लिहिलं. तोंड बांधलं की आपलं बोलणं बाहेर राहतं. हाक मारत हिंडतं. जो ओ देतो त्याच्यापाशी मुक्काम करतं. घरच्यांना सांगा, ओ देऊ नका.

मला वाटलं, बिचारीला उपाशीपोटी काहीबाही सुचतंय. पण एक हूं करून पाहिलं. वारं.

१३ तारीख, गुरुवार

आज बाईंची तार काढली. डॉक्टरांनी चिमट्यानं एकेक पीळ सोडवला. तोंड जेमतेम एक बोट उघडलं. इतके दिवस बांधलेला सांधा आखडतो, त्याला रोज थोडं थोडं उघडायची सवय लावावी लागते. म्हणून लाकडी पट्ट्या दिल्या, दातांत धरून रोज एक वाढवायची. मग डॉक्टर हसत म्हणाले, चला बाई, आता एक पाढा होऊन जाऊ द्या.

बाईंनी ओठ हलवले. अगदी नीट, पाढ्याच्या लयीत हलवले. काहीही ऐकू आलं नाही. डॉक्टरांनी आरशानं घसा तपासला. सगळं जागच्या जागी आहे. मनात भीती बसलीय, म्हणाले, घरी जाऊन माणसांत मिसळा, येईल.

जाताना बाईंनी माझा हात धरला. त्यांना शाळेत जायचं नाहीये. बहिणीकडं जाणार आहेत, लांब, जिथं त्यांचा आवाज ओळखणारं कुणी नाही.

माझ्या तारेला अजून बराच अवकाश आहे.

१५ तारीख, शनिवार

हे एकटेच आले. मी कालपासून पाटी लिहून तयार ठेवली होती: ठकीला आणि सासूबाईंना आजच माझ्या भावाकडं पोचवा. स्वयंपाकघरातून हाक आली तर कुणी ओ देऊ नये.

ह्यांनी वाचलं आणि कपाळावर हात मारला. म्हणाले, तुझं काय ते एकदा ठरव. कालच तर म्हणालीस की सारखं हॉस्पिटलात जाऊन भाडं कशाला घालवता, मी काही पळून जात नाही. मी धुतलेले पंचे द्यायचे म्हणून आलो, नाहीतर येणारही नव्हतो.

बोलता बोलता त्यांचं त्यांनाच कळलं. मग म्हणाले, माझं डोकं थाऱ्यावर नाही, दोन्हीकडं धावून झोप पुरत नाही, काहीतरी भास होतात.

भाड्याचं ते वाक्य माझंच आहे. शब्दन् शब्द माझा. मी तिथं असते तर हेच म्हणाले असते.

मी लिहिलं, आत जाऊन पाहिलंत? म्हणाले, जाणार होतो, पण फरशी ओली होती. कुणी सांगितलं ओली आहे? ह्यांनी पंचे कपाटात ठेवायला घेतले.

निघताना एक सांगितलं, सहज. सासूबाईंची एक तक्रार आहे. दिवेलागणीला सून आतून प्रार्थना म्हणते, सगळी म्हणते, पण देवाचं नाव आलं की तेवढंच गिळते.

नाम माझ्यापाशी आहे. तेवढं तिला नेता आलं नाही. आज दिवसभर तेच घेतेय.

भावाकडं पोचवतो असं म्हणालेत. म्हणालेत खरं.

१८ तारीख, मंगळवार

पोचवलं नाही. सासूबाई म्हणाल्या, सून घरात असताना नातीला परक्याकडं कशाला धाडायचं.

ठकी आली होती. सारखी कानापुढं बोटं दाबत होती. मी लिहिलं, दुखतं? म्हणाली, थोडंसं. तू रोज करायला लावतेस ना, त्यानं.

काय करायला लावते.

आ.

शाळेतून आलं की स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसायचं. दार ओढलेलं असतं, थोडी फट. तिकडं तोंड करून आ करायचा. आई आतून म्हणते अजून. कालच्यापेक्षा जरा जास्त. अजून. मग म्हणते, बसेल, आता बसेल.

काय बसेल ते ठकीला माहीत नाही. तिला वाटतं औषध द्यायचं असेल.

मी लिहिलं, ओ देऊ नकोस. बसू नकोस. ती मी नाही. ठकीनं एकेक अक्षर लावून वाचलं आणि ती रडवेली झाली. म्हणाली, पण पहिल्या हाकेला ओ नाही दिली तर तूच रागावतेस. परवा मी उशीर केला तर तू किती बोललीस.

ह्यांनी पाटी माझ्या हातून घेतली आणि पुसली. पोरीला घाबरवू नकोस, म्हणाले. मी पदर पसरला, ह्यांची बाही धरली, कपाळ दांडीवर आपटलं. घशातून वारं, नुसतं वारं. डॉक्टर धावत आले. उपासानं आणि औषधांनी असं होतं कधीकधी, त्यांनी ह्यांना समजावलं. मला सुई टोचली. डोळे मिटताना दिसलं, ठकी दारातून मागं वळून बघत होती, एक हात गालावर.

१९ तारीख, बुधवार

सकाळी एकच विचार. तोंडाचं घर बंद म्हणून ती बाहेर आहे. घर उघडलं तर परत येईल.

कात्री घेतली. चार तारा. कटकट. देवाचं नाव घेऊन तोंड उघडलं, सांध्यात कळ आली तरी उघडलं, आणि खिडकीकडं तोंड करून बसले. ये म्हटलं, मनात. ये बाई परत. हे तुझं आहे. लेकराचं तोंड नको.

कुणी आलं नाही. लाळ गळत होती. शिंपीण किंचाळली.

बसलेलं हाड पुन्हा सरकलं. दुपारी पुन्हा बांधलं, आधीपेक्षा घट्ट. कात्री काढून नेली. डावा हात दांडीला बांधलाय. उजवा मोकळा, पाटीसाठी. डॉक्टरांनी आज पहिल्यांदाच विनोद केला नाही.

तिला यायचंच नाहीये. माझं तोंड तिनं पुष्कळ वापरलंय —

२० तारीख, गुरुवार

ठकीला आणलं.

बाईंच्या रिकाम्या खाटेवर ठेवलंय. तोंड उघडं. मिटत नाही. दोन्ही सांधे मोडलेत. डॉक्टर फोटो पुनःपुन्हा उजेडासमोर धरत होते. जबडा मारानं मोडतो, पडून मोडतो, नाहीतर हाड आतून किडलेलं असलं तर मोडतो, असं सिस्टरना सांगत होते. हिच्या हनुवटीला साधं खरचटलेलंही नाही. हाड निरोगी. मग कशानं? जणू काहीतरी मोठं आत सारताना —



हे काल संध्याकाळी घरी आले तेव्हा ती उंबऱ्यावर मान मागं टाकून बसली होती. रडत नव्हती. ह्यांनी दार लोटलं. स्वयंपाकघरात कुणी नाही. ओट्यावर बोटभर धूळ. आणि मागून, ठकीच्या उघड्या तोंडातून, माझा आवाज: आलात? पाय पुसून या.

एवढं सांगितलं आणि ह्यांनी माझे पाय धरले. मी कधी त्यांना — नको. आता विश्वास बसलाय. आता काय उपयोग.

जिन्यावर जाऊन बसलेत. उठत नाहीत.

ठकीचे डोळे तिचेच आहेत. माझ्याकडं बघते. पाणी येतं.

जबडा हलत नाही आणि आवाज येतो.

२१ तारीख, शुक्रवार

तिचं तोंड बांधणार. दुधाचे दात तार धरत नाहीत, म्हणून साचा करून दातांवर बसवायचा, हनुवटीखालून तार घेऊन आवळायचा. हाड जुळण्यासाठी एवढाच उपाय. हाडासाठी बरोबर आहे. मला कळतं.

मी लिहिलं, बांधू नका. ती आत आहे. तिला आत कोंडू नका.

डॉक्टरांनी खांद्यावर हात ठेवला. वाचलं तरी का —

बदलीवर आलेली नवी सिस्टर पडद्याआड काहीतरी आवरत होती. तिथूनच विचारलं, आई, हरकत नाही ना?

ठकीच्या खाटेवरून माझ्या आवाजात उत्तर गेलं. करा हो, उगाच दिवस कशाला वाढवायचे.

बरं, म्हणाली. पडदा बाजूला करून आवाज कुठून आला ते नाही पाहिलं. कुणीच पाहत नाही.

पाटी दांडीवर आपटली. फुटली. झाडून नेली.

२२ तारीख, शनिवार

बांधलं.

ठकी झोपल्यासारखी. ओठ मिटलेले. डोळे उघडले तेव्हा माझ्याकडं पाहिलं — ती नजर मी रोज आरशात बघते, माझी. ठकीची नाही.

मग ठकी कुठं?

दुपारी नवी सिस्टर विचारत आली, जिन्यावर कुणाचं मूल हाका मारतंय? पाहिलं तर मूल कुठंच नाही.

मी ऐकलं. खालच्या मजल्यावर. प्रत्येक दाराशी थांबून.

आई.

माझी ठकी. बाहेर राहिली. शोधतेय. पहिल्या हाकेला ओ नाही मिळाली तिला. ज्याची त्याची दारं —

जो ओ देईल त्याची होईल. आणि मला —

२३ तारीख, रविवार

वरच्या मजल्यावर आली. आमच्याच.

ह्यांना उठवा कुणीतरी. ह्यांनी तरी ओ द्यावी. शिंपीण पांघरूण घेऊन पडलीय. तिलाही ऐकू येतंय.

आई.

हूं. हूं. वारं. दात उचकटत नाहीत. देवा, एक अक्षर. दुसरं काही मागत नाही, एक अक्षर —

दाराशी. आई, कुठं आहेस?

इथं. खिडकीशी. इकडं बघ —

शेजारच्या खाटेवरून. ओठ मिटलेले, साचा घट्ट, तरी माझा आवाज, अगदी मायेचा:

ओ. ये गं बाळा, इकडं ये —

वळली. तिकडं वळली. ठकी, नको, ती मी नाही, मी इथं, इथं, हाताला बघ माझ्या, ठकी, इक